जड असेल तोच दे

मास्तरांच्या घरात त्या एका फोनला जेवढा मान होता तेवढा आल्यागेल्या पाहुण्यालाही नव्हता. जेवताना तो ताटाशेजारी, झोपताना उशाशी, आणि मास्तर आंघोळीला गेले की बायकोच्या मुठीत. बघणारा म्हणेल, म्हाताऱ्याला काय हे पोरासोरांचं वेड. वेडबीड काही नव्हतं. त्या फोनवर एक दिवस एक फोन यायचा होता, आणि तो आला तरच मास्तरांची बायको वाचणार होती.

तिच्या दोन्ही किडन्या कामातून गेल्या होत्या. दिवसाआड ती जवळच्या दवाखान्यात जाऊन मशीनला लागायची आणि परत यायची ती पिळून टाकलेल्या फडक्यासारखी होऊन. डाव्या हातावर सुयांनी गाठी आल्या होत्या. तो हात ती पदराखाली ठेवायची, आणि कुणी विचारलं तर म्हणायची, चाललंय की. चाललेलं काही नव्हतं. डॉक्टरांनी मास्तरांना बाजूला घेऊन सांगितलं होतं की हिचं शरीर आता मशीनला कंटाळत चाललंय, बदलीची किडनी मिळाली तर बघा. म्हणून लांबच्या मोठ्या हॉस्पिटलात यादीत नाव घातलं. कुणी अनोळखी माणूस गेला, त्याच्या घरच्यांनी मन मोठं केलं, रक्तबिक्त जुळलं, आणि यादीत हिचा नंबर वर असला, म्हणजे तिथल्या मॅडम फोन करणार. मास्तर त्यांना ‘यादीवाल्या मॅडम’ म्हणायचे.

मॅडमनी पहिल्याच भेटीत बजावलं होतं, “काका, आम्ही फार वेळ थांबू शकत नाही. किडनी टिकत नाही. तुमचा फोन लागला नाही तर नाइलाजाने पुढच्याला लावावा लागतो. म्हणून दोन नंबर द्या.”

मास्तरांनी दिले दोन नंबर. एक जुना, दुकानाच्या पाटीवर रंगवलेला. दुसरा नवा, लेकीने हा फोन दिला तेव्हा घेतलेला. दोन्ही कार्डं ह्या एकाच फोनच्या पोटात.

“दुसरा नंबर घरातल्याच कुणाचा ना?” मॅडमनी विचारलं.

“घरातलाच,” मास्तर म्हणाले. आता ह्यात खोटं काय होतं? काही नाही. माणूस खोटं न बोलताही स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेऊ शकतो, एवढंच. उलट एका दगडात दोन पक्षी मारल्यासारखे ते खुशीत बाहेर आले. बायकोचा फोन कधीच बंद पडला होता आणि नवा घ्यायला ती तयार नव्हती. मला कोण करतंय फोन, म्हणायची.

हे मास्तर शाळेतले नव्हेत. जळालेल्या मोटरींना नव्याने तार भरून देणारे, वाइंडिंगचे मास्तर. पुढच्या खोलीत दुकान, मागच्या दोन खोल्यांत संसार, आणि वार्निशचा वास दोन्हीकडे सारखा. पंप, पंखा, मिक्सर, जे जळेल ते त्यांच्याकडे यायचं. आणि उभ्या आयुष्यात त्यांनी एक नियम पाळला होता: वस्तू आधी हातात तोलायची. जड भरली तर आत तांबं. हलकी भरली तर अॅल्युमिनियम, म्हणजे फसवणूक. गिऱ्हाईक नवाकोरा पंप दाखवायला आणायचं, मास्तर तो नुसता उचलायचे आणि तोंड वाकडं करायचे. “कुणी मारला हा तुमच्या गळ्यात?” उघडून बघितलं की मास्तरच खरे. हे सारखं सारखं खरं ठरणं वाईट असतं बरं का. मग माणूस कुणाला विचारेनासा होतो.

लेक लांब दिलेली, नोकरी-संसारात बुडालेली. फोन देताना तिने चार चारदा सांगितलं होतं, “बाबा, ह्याच्याबरोबर आलेलाच चार्जर लावायचा. तो गेला तर ह्याच कंपनीचा आणायचा. रस्त्यावरचा कसलाही लावू नका.”

“बापाला वीज शिकवतेस होय गं?” मास्तर हसून म्हणाले होते.

त्या दिवशी सकाळी मास्तर दुकानात एका पंपाची चाचणी घेत होते आणि फोन शेजारच्याच बोर्डवर चार्जिंगला लावलेला. पंपात आत कुठे तार तारेला चिकटली होती कोण जाणे. बटण दाबलं, फट्कन आवाज झाला, आणि चार्जर गेला. मास्तरांनी धाव घेतली ती आधी फोनकडे. फोन शाबूत होता. पण रात्री लेकीशी बोलण्यात बॅटरी उतरली होती आणि चार्जिंग नुकतंच कुठे सुरू झालं होतं. कोपऱ्यातली खूण लाल व्हायच्या बेतात होती.

बायको आतून आली. काय झालं ते तिला सांगावं लागलं नाही, बोर्डवरचा काळा डाग पुरेसा होता. ती तशीच शेजारी गेली. शेजारी एक बाई मुलांच्या शिकवण्या घ्यायच्या, अडीनडीला धावून येणाऱ्या. त्यांचा चार्जर आणला तर तो जुन्या घाटाचा, त्याचं तोंड मास्तरांच्या फोनला बसेना.

“मी काय म्हणते,” बायको म्हणाली, “बाईंचा नंबर त्या मॅडमना कळवून ठेवूया का? तोवर?”

“दोन दोन नंबर दिलेत की. तिसरा कशाला? आत्ता जातो आणि आत्ता येतो.” मास्तरांनी चपला अडकवल्या.

ती काही बोलली नाही. बोलायला हवी होती, असं मागाहून तिलाही वाटलं असेल. पण तिच्या अंगात तरी भांडायचं बळ कुठे होतं.

रस्ताभर मास्तर फोन हातात धरूनच चालले. खिशात ठेवायचा धीर होईना. बघितला की उजेड पडून बॅटरी खाणार, न बघितला तर जीव टांगणीला. एरवी ते रोज मनात म्हणायचे, येऊ दे रे देवा फोन आज तरी. त्या दिवशी म्हणत होते, आत्ता नको, थोडा वेळ थांब, चार्जर घेईपर्यंत थांब. आणि मग त्यांना लाज वाटली, कारण तो फोन येणं म्हणजे कुणाच्या तरी घरी रडारड. बायकोला ते अजिबात आवडायचं नाही. ती कधी फोनची वाट बघते असं तोंडाने म्हणायची नाही.

मोबाइलवाल्याचं दुकान कोपऱ्यावर होतं. मास्तरांनीच त्याच्या दुकानाचा पंखा दोनदा भरून दिलेला, त्यामुळे ओळख जुनी. त्याने फोन हातात घेतला, मागे-पुढे बघितला, आणि कपाटातून एक सीलबंद डबी काढली.

“हा घ्या मास्तर. तुमच्या फोनच्या कंपनीचा. डोळे झाकून लावा.”

मास्तरांनी चार्जर तळहातावर घेतला आणि त्यांचा चेहरा उतरला. “काय रे हे? ह्यात काही आहे तरी का? रिकामी करवंटी जड लागेल ह्याच्यापेक्षा.”

“आता सगळे हलकेच येतात मास्तर. आत ते जुन्या पद्धतीचं तारेचं मोठं गुंडाळं नसतं. इलेक्ट्रॉनिक असतं सगळं. फोन मागेल तेवढंच देतो हा, आणि तापला तर आपला आपण थांबतो. ह्यावर किती व्होल्ट, किती अँपिअर, सगळं लिहिलंय बघा. तपासणीची खूण आहे.”

“लिहायला काय जातंय?” मास्तरांची नजर काउंटरवर टांगलेल्या चार्जरांकडे गेली. त्यांवर कंपनीबिंपनी काही नव्हतं, नुसती चकचकीत अक्षरं. त्यांनी त्यातला एक ओढून तोलला. एका तळहातावर हा, दुसऱ्यावर तो. दोन्ही हात जरा वर-खाली केले. टांगलेला चांगला जड भरला. पकडायला भरीव, बोटांना विश्वास वाटावा असा.

“तो नका घेऊ,” मोबाइलवाला म्हणाला. आता नको म्हणणाराच तो विकायला टांगून ठेवतो, हेही जगात चालतंच. “तो आपला घाईगर्दीच्या गिऱ्हाइकासाठी. तुमच्या फोनला तो नको. किमतीचा विचार असेल तर राहू दे, मागाहून द्या.”

झालं. हे शेवटचं बोलला नसता तर कदाचित मास्तरांनी ऐकलं असतं. पण पैशासाठी आपण बायकोच्या फोनला हलकं काही लावू, असं ह्याला वाटलंच कसं? मास्तर तडकले. “पैशाचं काढू नकोस. दुप्पट घे हवं तर. मी वजनावर जन्म काढलाय. तू मला तांबं शिकवू नकोस. जड असेल तोच दे.”

गिऱ्हाईक ते गिऱ्हाईक, आणि वर वयाने मोठं. मोबाइलवाल्याने दिला.

घरी येऊन मास्तरांनी तो आतल्या खोलीतल्या बोर्डला लावला. फोनवर विजेची खूण उमटली आणि त्यांचा जीव भांड्यात पडला. आकडाही भराभर चढायला लागला. “बघ,” ते बायकोला म्हणाले, “जुना तासभर घ्यायचा एवढ्याला. वस्तू जड पाहिजे.”

बायकोने ताट वाढलं. मधेच तिने फोनला हात लावून बघितला. “अहो, तापलाय बराच.”

“मोटरही चालू असली की तापते.”

“मोटर आपण कानाला लावत नाही.”

“अगं, भरतोय तो. भरताना तापणारच. जेवू दे मला सुखाने.”

सुखाने म्हणे. त्यांचे चार घास झाले असतील नसतील, फोनचा पडदा आपोआप थरथरायला लागला. कुणाचा हात नाही, बोट नाही, आणि चित्रं उघडतायत, मिटतायत, अक्षरं उमटतायत. बायकोने हाक मारली, “अहो, हे बघा काय करतोय.” मास्तर खरकट्या हाताने उठले. ते पोचेपर्यंत पडदा काळा झाला होता आणि खोलीत वास पसरला होता. तो वास मास्तरांना झोपेतसुद्धा ओळखता आला असता. जन्मभर लोकांच्या जळालेल्या वस्तूंना येणारा वास. आज तो त्यांच्या उशाशी येत होता.

बटण बंद केलं. फोन उचलला तर चटका बसला आणि पाठ फुगलेली. दाबून बघितलं, पुन्हा दाबून बघितलं, धरून ठेवलं. काही नाही.

आणि अशा वेळी माणसाने काय करावं? शेजारी धावावं, कुणाचाही फोन घ्यावा. मास्तरांनी काय केलं, तर मीटर काढलं. चार्जरमधून किती व्होल्ट येतात ते बघत बसले. काटा म्हणजे पिसाळल्यासारखा. मग हातोडी घेऊन चार्जर फोडला. आत एक चिमुकली पट्टी, दोन केसासारख्या तारा, आणि शेजारी डिंकाने चिकटवलेला लोखंडाचा एक ठोकळा. कशालाही न जोडलेला. नुसता वजनाला. ज्याने तो बसवला त्याला मास्तरांसारखी माणसं पुरती ठाऊक होती. मास्तर तो ठोकळा बोटांत धरून बघतच राहिले, आणि हा सगळा वेळ तिकडे काय चाललं असेल ह्याचं त्यांना भान नव्हतं. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, ते उगाच नाही.

बायको दारात येऊन उभी राहिली. “राहू द्या ते आता. मॅडमकडे तुमचा दुसरा नंबर आहे ना? तो कुठेय?”

मास्तरांनी ठोकळा उलटा करून बघितला.

“अहो, मी विचारतेय. दुसरा नंबर कुठल्या फोनमध्ये आहे?”

“ह्यातच,” मास्तर म्हणाले.

ती भिंतीला धरून खाली बसली. मास्तरांच्या पायाखालची जमीन सरकली ती तेव्हा. म्हणजे फोन मेला तेव्हा नव्हे, तो शब्द स्वतःच्या तोंडून ऐकला तेव्हा.

मग एकच धांदल. फोनमधून कार्ड काढायला बारीक भोकात काहीतरी टोचावं लागतं. मास्तरांनी सवयीने तांब्याची तार घेतली, ती मऊ, वाकली. दुसरी घेतली, तीही वाकली. घाईत भोक सापडेना. बायकोने बसल्या जागेवरून शिवणाची सुई पुढे केली. कार्डांचा कप्पा बाहेर आला, कार्डं सुटली, मास्तर ती मुठीत धरून अनवाणी शेजारी धावले.

बाईंच्या बाहेरच्या खोलीत मुलं पाढे लिहीत बसली होती. मास्तरांचं तोंड बघून बाईंनी काही विचारलं नाही. स्वतःच्या फोनचं झाकण उघडलं, आपलं कार्ड काढून ठेवलं, ह्यांचं घातलं. फोन सुरू व्हायला जो वेळ लागला तो मास्तरांना सोसेना. मुलं लिहायचं थांबून बघत होती. मग टिंग टिंग करत निरोप यायला लागले. तुम्हाला ह्या नंबरवरून फोन आला होता. ह्या नंबरवरून फोन आला होता. पुन्हा तोच नंबर. मधे एकदा लेकीचा. पण तो दुसरा नंबर मास्तर झोपेत म्हणून दाखवायचे.

त्यांनी लावला. पहिल्याच रिंगला उचलला गेला.

“मॅडम, मी बोलतोय. वाइंडिंगवाला. माझा फोन जळाला हो. आम्ही निघतो, आत्ता निघतो. तिची बॅग भरलेलीच आहे.”

“काका,” त्या म्हणाल्या, “मी किती वेळा लावला तुम्हाला. दोन्ही नंबर बंद. मला वाटलं रेंज नसेल, म्हणून थांबून पुन्हा लावला. आज काकूंचं नाव पहिलं होतं.”

“मग आहे ना? आम्ही येतो ना.”

“पुढच्या पेशंटला कळवलं, काका. ते निघालेसुद्धा.”

“त्यांना परत पाठवा,” मास्तर म्हणाले. ज्या माणसाने जन्मात कुणाच्या ताटातलं उचललं नाही तो हे बोलला, पाढे लिहिणाऱ्या मुलांच्या देखत. “त्यांना सांगा चूक झाली. अजून वाटेत असतील ते. पाया पडतो तुमच्या.”

“तसं नाही करता येत. त्यांच्याही घरी तुमच्यासारखीच माणसं आहेत.” मॅडम बधल्या नाहीत. बधणं त्यांच्या हातात नव्हतंच. “नाव यादीतून जात नाही. पुन्हा येईल वेळ. काकूंना सांभाळा तोवर. आणि मला एक नंबर द्या, दुसऱ्या कुणाच्या फोनचा.”

पुन्हा कधी येईल ते त्या बोलल्या नाहीत, आणि मास्तरांनी विचारलं नाही. तोवर सांभाळायचं म्हणजे काय, ते डॉक्टरांनी सांगून झालं होतं. नंबर बाईंनीच सांगितला, आपल्या घरातल्या दुसऱ्या फोनचा, मास्तरांच्या हातातून फोन घेऊन, सावकाश, एकेक आकडा. मग फोन परत त्यांच्या हातात दिला. “घेऊन जा घरी. वहिनींजवळ असू दे. माझं मी बघते.”

शेजारच्या दारातून आपल्या दारात यायला मास्तरांना फार वेळ लागला. काय सांगायचं ते जुळवत होते. आलाच नव्हता म्हणावं का? कुणाला कळणार होतं? पण ती होती तिथेच बसली होती, भिंतीला टेकून, आणि तिने त्यांच्याकडे असं बघितलं की जुळवलेलं सगळं गळून पडलं.

“आला होता,” मास्तर म्हणाले. “तुझं नाव पहिलं होतं. मी दवडलं.”

मास्तर तिच्यासमोर उकिडवे बसले. तिने ओरडावं, शिव्या द्याव्यात, डोकं आपटून घ्यावं, काहीही करावं, असं त्यांना झालं होतं.

“कुणाला मिळाली?” तिने विचारलं.

“ते सांगत नाहीत.”

“बाई असेल तर बरं.” ती जरा थांबली. “तिच्या नवऱ्याने फोन उचलला असेल.”

हे ती टोचून बोलली नाही. टोचून बोलली असती तर मास्तरांना सोसलं असतं. ती नुसती आपली मनात त्या बाईचं घर उभं करून बघत होती. मास्तर तोंडात उपरणं कोंबून रडायला लागले. तिने थोडा वेळ रडू दिलं, जवळ आली नाही, डोळे पुसले नाहीत.

तेवढ्यात बाईंचा फोन वाजला. दोघंही दचकले. मास्तरांनी झडप घातली. लेक होती.

“बाबा, काय झालंय? मघापासून दोन्ही नंबर बंद लागत होते. माझा जीव थाऱ्यावर नाही. आई बरी आहे ना? बाबा?”

मास्तरांनी फोन बायकोपुढे धरला. त्यांना वाटलं, आता ही सांगेल, आणि सांगावंच. लेकीने चार चारदा बजावलं होतं.

बायकोने फोन घेतला. सुजलेला डावा हात जमिनीला टेकून जरा ताठ बसली, घसा साफ केला.

“अगं, काही नाही,” ती म्हणाली. “चार्जर बिघडला होता नुसता. बाबांनी आणलाय दुसरा.” मग पलीकडचं ऐकत राहिली. “हो. कंपनीचाच. तू सांगितलं होतंस ना, तसलाच. जेवलीस का तू?”

बोलणं संपल्यावर तिने फोन पदराला पुसला आणि मास्तरांच्या हातात दिला. “बाईंचा आहे,” ती म्हणाली, “नीट धरा.” आणि भिंतीकडे तोंड करून आडवी झाली.